अंतरपाटाच्या दोन्ही बाजू

मंगलाष्टकं सुरू झाली की हॉलमधला प्रत्येक माणूस आपापलं वेगळं लग्न बघत असतो. नवरीला दिसतो तो समोर धरलेला अंतरपाट, त्यावरचं कुंकवाचं स्वस्तिक आणि कापडाच्या खालच्या कडेपाशी नवऱ्याची पावलं. नवऱ्यामुलाच्या डोळ्यांवर मुंडावळ्या आलेल्या असतात. मुलीचा मामा भाचीच्या मागे उभा असतो, त्याला तिचा अंबाडा आणि त्यातला गजरा दिसतो. पहिल्या रांगेतल्या आजीला स्टेजवरच्या मंडळींच्या पाठी दिसतात. मागच्या खुर्च्यांवर बसलेल्यांना अक्षता कधी टाकायच्या, एवढंच लाउडस्पीकरवरून कळतं. आणि मुलीच्या आईला यातलं काहीच दिसत नाही. आपल्याकडे पुष्कळ घरांत रीत आहे की लेकीच्या डोक्यावर अक्षता पडत असताना आईने ते बघायचं नाही. तिने तुळशीपाशी बसायचं आणि पाणी घालत राहायचं.

ज्या मुहूर्तासाठी वर्षभर आधी हॉल धरून ठेवला, पत्रिकेवर तास-मिनिटं छापली, गावाहून माणसं आणली, तो मुहूर्त अख्खा असा कोणीच पाहिलेला नसतो. मी मुंबईत लग्नांचं शूटिंग करतो. एकापेक्षा जास्त कॅमेरे का लावायचे, असं कुणी विचारलं की मला आधी ही तुळशीपाशी बसलेली आई आठवते. पैशांचा हिशोब, पॅकेज, ड्रोन, क्रेन हे सगळं त्यानंतर.

समारंभ टिपून ठेवायची हौस या शहराला फार जुनी आहे. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, होऊन परतलेल्या रघुनाथ परांजप्यांचं मुंबईत जंगी स्वागत झालं, तेही सावेदादांनी टिपलं. मला या दुसऱ्या चित्रणाचं फार अप्रूप आहे, कारण ते आमच्या धंद्याचं मूळ आहे. कुणीतरी परत आलंय, माणसं जमलीत, हार घातले जातायत, आणि एक माणूस तिपाई रोवून उभा आहे. त्याच्याकडे कॅमेरा एकच होता. ज्याचं स्वागत होतंय तो आणि स्वागताला आलेली गर्दी, दोघांचे चेहरे एका जागेवरून एकाच वेळी दिसत नाहीत. कॅमेरा एक म्हटला की कुणाकडे पाठ करायची हे आधी ठरवावं लागतं.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्या काकांकडेही कॅमेरा एकच होता. व्हीएचएसचा, खांद्यावर घ्यायचा, आणि त्याच्या जोडीला सनगनचा प्रखर दिवा. तो दिवा धरून काकांच्या मागे वायर सांभाळत फिरणं, ही माझी पहिली नोकरी. दिव्याची धग चेहऱ्यावर आली की नवरीच्या कपाळावर घाम यायचा, तिची मावशी रुमालाने टिपायची. एका कॅसेटमध्ये तीन तास मावत. त्या तीन तासांत सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत सगळं बसवायचं, आणि कॅसेट सगळ्या नातेवाइकांकडे फिरणार म्हणून कुणाचाही चेहरा सुटता कामा नये. मग काकांना बोलावं लागायचं. "गुरुजी, एक मिनिट थांबा." "ताई, हार परत घाला, जरा सावकाश." "मंगळसूत्र तसंच धरून ठेवा, इकडे बघा." माणसं ऐकायची. गुरुजीसुद्धा मंत्र अर्ध्यावर थांबवून वाट बघायचे. लग्नाला दोन गुरुजी असायचे, आणि त्यातला एक खांद्यावर कॅमेरा घेऊन फिरायचा.

काकांचं यात काही चुकत होतं असं मी म्हणणार नाही. ते ज्या बाजूला उभे असत तिथून नवरीचा चेहरा दिसला नाही, तर तो मिळवायला दुसरा मार्गच नव्हता. पण दिवा धरून उभं राहिल्यामुळे मला एक गोष्ट फार जवळून दिसत गेली. पहिल्यांदा हार घालताना मुलगी मुलाकडे बघते. दुसऱ्यांदा घालताना ती कॅमेऱ्याकडे बघते. कॅसेटमध्ये राहायचा तो दुसरा हार.

हा पेच सोडवायची रीत जगात तेव्हा जुनी झाली होती. अमेरिकेत १९५१ साली 'आय लव्ह ल्यूसी' ही टीव्ही मालिका सुरू झाली, तेव्हा छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड यांनी तीन कॅमेरे एकदम चालवले, कारण प्रयोग समोर बसलेल्या प्रेक्षकांपुढे व्हायचा होता. दर चेहऱ्यासाठी नाटक थांबवलं असतं तर प्रेक्षकांचं हसू विरून गेलं असतं. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. टीव्हीच्या स्टुडिओत काम चालतं तेही असंच: खाली दोन-तीन कॅमेरे, वर कंट्रोल रूममध्ये बसलेला निर्माता हेडफोनवरून कोणाला रुंद घ्यायला सांगतो, कोणाला चेहऱ्यावर जायला सांगतो. जास्त कॅमेरे लावले की समोर चाललेलं अडवावं लागत नाही. लग्नात ही गोष्ट यायला वेळ लागला, कारण तेवढे कॅमेरे परवडायचे नाहीत. २००८ मध्ये फोटोच्या कॅमेऱ्यांत उत्तम व्हिडिओ यायला लागला आणि मग बोराबाजारात सेकंडहँड बॉडी घेऊन आमच्यासारख्यांनाही दुसरा, तिसरा कॅमेरा जमवता आला.

कॅमेरे जमले तरी ते ठेवायचे कुठे हे लग्न ठरवतं. मी हॉलवर पोचलो की आधी गुरुजींना गाठतो. मुलगा कुठल्या बाजूला उभा राहणार, अंतरपाट कोण धरणार, होमकुंड कुठे मांडणार, हे त्यांना विचारून घेतो. गुरुजी पहिल्यांदा जरा चमकतात, कारण व्हिडिओवाल्याने आपल्याला काही विचारावं याची त्यांना सवय नसते. मग मात्र स्टेजवर उभे राहून सगळं दाखवतात. वर-वधूंना बहुधा पूर्व-पश्चिम असं समोरासमोर उभं करतात, आणि मुंबईतल्या हॉलचं स्टेज काही पंचांग बघून बांधलेलं नसतं. कधी दोघं प्रेक्षकांना अगदी आडवी उभी राहतात, कधी तिरकी. अंतरपाट धरणाऱ्यांपैकी एकाची पाठ प्रेक्षकांकडे येते. कॅमेरा नाकासमोर मधोमध लावला तर त्या पाठीशिवाय काही मिळत नाही.

म्हणून पहिला कॅमेरा स्टेजच्या एका कोपऱ्याशी, मुलाच्या खांद्यावरून मुलीच्या चेहऱ्याकडे. दुसरा समोरच्या कोपऱ्याशी, मुलीच्या खांद्यावरून मुलाकडे. दोघांच्या नजरेतून एक रेघ गेलीय असं समजायचं आणि कुठलाही कॅमेरा त्या रेघेच्या पलीकडे न्यायचा नाही. नेला तर नंतर जोडताना दोघंही एकाच दिशेला बघतायत असं दिसतं, आणि एकमेकांसमोर उभी असलेली माणसं पडद्यावर एकमेकांना भेटतच नाहीत. तिसरा कॅमेरा हॉलच्या मागे, उंचावर. बाल्कनी असली तर उत्तम, नाहीतर उंच स्टँडवर. त्याच्यात सगळं स्टेज, खालच्या खुर्च्या, दाराशी रेंगाळणारी मुलं, अक्षतांचं ताट घेऊन फिरणारा भाऊ हे सगळं एका चौकटीत. तो एकदा लावला की त्याला हात लावायचा नाही. यासाठी महाग कॅमेरा लागत नाही. माझा तिसरा कॅमेरा सर्वांत जुना आहे. चौथा असला तर तो स्टेजकडे पाठ करून माणसांकडे बघतो.

नवीन मुलांना मी हे शिकवतो तेव्हा त्यांना चौथा कॅमेरा ही शिक्षा वाटते. नवरा-नवरी तिकडे, आणि आपण खुर्च्यांकडे काय बघायचं? मग त्यातलं कुणीतरी एखादी आत्या बघतं. मंगलाष्टकं बहुतेक घरांत आत्या, मावशी किंवा काका म्हणतात आणि बऱ्याचदा ती त्यांनी स्वतः रचलेली असतात. आजोबांचं नाव, गावच्या देवाचं नाव, मुलीच्या शिक्षणाचा उल्लेख, सगळं वृत्तात बसवलेलं. आत्या आपली पाळी येईपर्यंत वहीतून फाडलेला कागद घडी घालून मुठीत धरून बसते. ओठ हलत असतात. माइक हातात येतो तेव्हा कागद इतका थरथरतो की अक्षरं दिसणंच शक्य नाही, पण ती पाठच असतात. वारलेल्या भावाच्या नावाशी तिचा आवाज अडतो, शेजारची बाई तिच्या पाठीवर हात ठेवते, आणि पुढची ओळ दोघी मिळून म्हणतात. हे स्टेजवर कुणालाच दिसलेलं नसतं. नवरीने फक्त आवाज अडलेला ऐकलेला असतो.

मंगलाष्टकांचा आणखी एक गुण असा, की ती आम्हाला वेळ बांधून देतात. परंपरेने ती शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. एका चरणात एकोणीस अक्षरं, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे क्षणभर थांबायची जागा. मी जोडणी करताना शक्यतो त्या यतीवर चित्र बदलतो. बारा अक्षरं मुलीच्या चेहऱ्यावर, उरलेली सात आत्यावर. बघणाऱ्याला कट झालेला जाणवत नाही, कारण त्याचा कान तिथे श्वास घ्यायला थांबलेलाच असतो. प्रत्येक अष्टकाच्या शेवटी 'कुर्यात् सदा मंगलम्' आलं की हॉलभर अक्षता उडतात, तेव्हा उंचावरचा कॅमेरा. हे कुठल्याही व्हिडिओच्या शाळेत मला कुणी सांगितलं नाही, ते चाल ऐकून ऐकून हाताला लागलं. आणि 'तदेव लग्नं' सुरू झालं की आमच्या गटात कुणी काहीही बदलत नाही. बॅटरी नाही, कार्ड नाही, झूम नाही. अंतरपाट आता दूर होणार. वाजंत्री तयार असतात, मामा सरसावतात, आणि सगळ्या कॅमेऱ्यांवर नुसता श्वास रोखून धरायचा.

ही शांतता आधीच्या तासाभराच्या कष्टांवर उभी असते. फोटोच्या बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांत चित्रण २९ मिनिटं ५९ सेकंदांनी आपोआप थांबतं. युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्यावर जास्त आयातशुल्क होतं, ते लागू नये म्हणून कंपन्यांनी अर्ध्या तासाच्या आतली ही मर्यादा घातली होती. त्या शुल्काशी आपला काही संबंध नाही, पण मुहूर्त १२ वाजून २१ मिनिटांचा असला आणि मुलाकडची बस टिळक ब्रिजवर अडकली की ती मर्यादा दादरच्या हॉलमध्ये येऊन उभी राहते. म्हणून सगळे कॅमेरे एकदम सुरू करायचे नाहीत. काही मिनिटांच्या अंतराने करायचे, म्हणजे थांबवून परत लावतानाही एका वेळी एकच बंद असतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे शटर सेकंदाच्या एक पन्नासांशावर ठेवायचं, नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्रावरून पट्टे सरकत राहतात. आणि हॉलमध्ये एक ट्यूब पांढरी, एक फोकस पिवळा, स्टेजमागचा एलईडी जांभळा. तीन कंपन्यांच्या तीन कॅमेऱ्यांना तीच पिवळी अष्टपुत्री एकात हळदीची, एकात लिंबाची, एकात हिरवट दिसते. गुरुजींच्या खांद्यावरचं पांढरं उपरणं यासाठी देवासारखं धावून येतं. तिन्ही कॅमेऱ्यांना आधी ते दाखवून पांढरं म्हणजे काय हे शिकवायचं, मग पिवळंही आपोआप जुळतं.

आवाज जुळवण्याचं काम रात्री घरी. आपल्याकडच्या व्हिडिओत सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे एक चित्र ४० मिलिसेकंदांचं. तेवढ्या वेळात आवाज हवेतून सुमारे १४ मीटर जातो. मागच्या उंच कॅमेऱ्याला सनई एखाद्या चित्राइतकी उशिरा ऐकू येते. तो आवाजावरून जसाच्या तसा जुळवला तर त्याच्यातला हार एक चित्र आधी पडतो. एवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही, पण मला ते डोळ्यांत खुपतं, म्हणून मी एक चित्र मागे सरकवतो. शिवाय प्रत्येक कॅमेऱ्याचं घड्याळ किंचित वेगळ्या चालीने चालतं. तासभराच्या चित्रणात ओठ आणि शब्द हळूहळू एकमेकांपासून सुटायला लागतात. वाजंत्र्यांच्या ताशाची पहिली थाप ही माझी जुळवणीची खूण. सगळ्या कॅमेऱ्यांनी ती ऐकलेली असते, आणि तिचा ठोका पट्टीवर सुळक्यासारखा उभा दिसतो.

आता तुळशीपाशी जाऊ. परळला एका जुन्या हॉलमध्ये लग्न होतं. मी मुलीच्या आईला, त्या काकूंना, सकाळीच विचारलं, "तुम्ही तुळशीला पाणी घालणार आहात ना? तिथे एक कॅमेरा ठेवला तर चालेल का?" त्या म्हणाल्या, "ठेव बाबा. पण तू बघत उभा राहू नकोस." मी राहिलो नाही. स्वयंपाकघराच्या बाजूला, मागच्या जिन्याशी स्टुलावर प्लास्टिकच्या कुंडीत तुळस होती. समोर रांगोळीची चार बोटं, एक समई. मी कॅमेरा भिंतीशी बुटक्या ट्रायपॉडवर लावला आणि स्टेजकडे आलो.

नंतर घरी ते पाहिलं. काकू पाटावर बसल्यात. त्यांच्या मागून वाढपी पोरं परातीतून जिलब्या नेतायत, कुणाचं लक्ष नाही. पॅसेजमधल्या स्पीकरवरून मंगलाष्टकं ऐकू येतायत. काकू तांब्यातलं पाणी अगदी बारीक धारेने सोडतायत, कारण आठ अष्टकं होईस्तोवर ते पुरवायचंय. नणंदेचा आवाज आला तेव्हा त्यांनी मान किंचित वर केली. 'तदेव लग्नं' सुरू झालं आणि धार थांबली. तांब्या तसाच कलता, पाणी काठाशी आलेलं. मग ताशा वाजला, टाळ्यांचा आवाज आला, आणि त्यांनी उरलेलं सगळं पाणी एकदम ओतून टाकलं. पदराने डोळे पुसले नाहीत. तांब्या पालथा घातला, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि वाढणाऱ्या पोराला म्हणाल्या, "पहिली पंगत बसवायला घ्या."

मी हे स्टेजवरच्या चित्रांना जोडलं. अंतरपाट दूर होताना मुलगी, मुलगा, उंचावरून सगळा हॉल, आणि त्या थांबलेल्या धारेची काही सेकंदं. संगीत घातलं नाही, स्पीकरचा आवाज आणि परातींचा खणखणाट तसाच ठेवला. मुलीने ते महिन्याभराने पाहिलं आणि मला फोन केला. तिला आई तिथे बसणार हे ठाऊक होतं, रीतच ती. पण आपल्याला हार घालताना आई कशी होती, हे तिच्या कल्पनेतही आलं नव्हतं. आणि काकूंनी पहिल्यांदाच लेकीच्या डोक्यावर अक्षता पडताना पाहिल्या. त्यांनी काय म्हटलं ते मी विचारलं नाही.

तिथे मी कॅमेरा हातात घेऊन उभा असतो तर ती धार थांबली नसती, आणि थांबली असती तर माझ्यासाठी थांबली असती. कॅमेरे वाढले की माणसांना कॅमेऱ्यासाठी काही करावं लागू नये, यासाठी माझा सारा हट्ट आहे. आज मुंबईत बऱ्याच ठिकाणी नेमकं उलटं होतं, आणि ते बघून मला मनापासून वाईट वाटतं. ट्रॅडिशनलवाले वेगळे, कँडिडवाले वेगळे, सिनेमॅटिकवाले वेगळे, मुलाकडचे वेगळे, मुलीकडचे वेगळे. हार घालायच्या वेळी काळे टीशर्ट घातलेल्या दहा-बारा पाठींची भिंत उभी राहते. गिंबल, म्हणजे चालतानाही कॅमेरा स्थिर धरणारा दांडा, घेऊन कुणीतरी दोघांभोवती गोल फिरतो, त्या फिरण्यात लाजाहोमाच्या लाह्या ओंजळीत घालायला आलेला भाऊ बाजूला सारला जातो. "परत एकदा" आता चार दिशांनी ऐकू येतं. कोकणातून रात्रभर प्रवास करून आलेल्या आजीने काय पाहिलं? तिने पाठी पाहिल्या. तिला घरी गेल्यावर मोबाइलवर चार मिनिटांचं हायलाइट दाखवतात, पण ती त्यासाठी आली नव्हती.

याला उपाय अवघड नाही. आम्ही व्हिडिओवाले लग्नाआधी एकमेकांशी बोलत नाही, ते बोलायला हवं. फोटोवाल्याची जागा आणि माझी जागा एकच असेल तर दोघांतला एक मागे सरकतो, एवढंच ठरवायचं असतं. लांब लेन्स लावून दहा हात मागे उभं राहता येतं. स्टेजवर दोनच माणसं कॅमेरा घेऊन असतील, असं घरच्यांनी आधीच सांगितलं तर ते पाळलं जातं. मी आजवर ज्यांच्याशी आधी बोललो, त्यांतल्या बहुतेकांनी ऐकलं. कुणाला पाठी आवडत नाहीत, फक्त ते म्हणायला कुणीतरी पुढे यावं लागतं.

आणि बिन-पाठींचं लग्न कसं असतं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात लग्नाला फक्त पंचवीस माणसं आणि दोन तासांची मुभा होती. ठाण्याच्या एका लग्नात मी छोट्या स्विचरवर, म्हणजे कॅमेऱ्यांची चित्रं तिथल्या तिथे बदलायच्या यंत्रावर, तीन कॅमेरे जोडून थेट प्रक्षेपण करत होतो. खुर्च्या लांब लांब, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. मुलाची आजी चिपळूणला, बहीण परदेशात, काका एका सोसायटीत पॉझिटिव्ह निघून खोलीत बंद. मी एरवी चेहऱ्यांवर जास्त राहतो, त्या दिवशी मुद्दाम उंच कॅमेरा पुष्कळ वेळ ठेवला. लांबून बघणाऱ्याला आपण हॉलमध्ये कुठेतरी बसलोय असं वाटायला हवं, आणि हॉलमध्ये बसलेल्याला क्लोजअप दिसत नाही. आजीचा आवाज फोनवरून लाउडस्पीकरला लावला होता. तिने एक मंगलाष्टक म्हटलं. इंटरनेटमुळे ते काही क्षण मागे होतं, म्हणून तिचं संपेपर्यंत अक्षता हातात धरून सगळे थांबले. तिथे कुणीही कुणाला थांबा म्हटलं नव्हतं.

तेव्हापासून मी उंच कॅमेऱ्याचं चित्रण कधी पुसत नाही. पूर्वी जोडणी झाली की जागा मोकळी करायला सगळं उडवून टाकायची पद्धत होती. आता मी घरच्यांना चार मिनिटांचं हायलाइट देतो, दीड-दोन तासांचं जोडलेलं लग्न देतो, आणि तिसऱ्या कॅमेऱ्याचं अखंड, न कापलेलं चित्रणही वेगळं देतो. काहीजण म्हणतात, "हे कोण बघणार?" लग्नानंतर वर्षभर तरी खरंच कुणी बघत नाही. मग घरातलं एखादं माणूस जातं. आणि फोन येतो, की बाबांचं अजून काही आहे का तुमच्याकडे, स्टेजवरचं सोडून? त्या अखंड चित्रणात बाबा असतात. कोपऱ्यातल्या खुर्चीवर, चप्पल काढून पाय मोकळे करत, शेजाऱ्याशी हातवारे करून काहीतरी सांगत असतात. आवाज ऐकू येत नाही, सनईत बुडालेला. पण हातवारे त्यांचेच असतात, घरातले लगेच ओळखतात. कुठल्याही क्लोजअपमध्ये ते हातवारे नसतात, कारण फोटोसाठी उभं राहिल्यावर हात खाली सरळ सोडायचे, असंच आपल्याकडे शिकवलेलं आहे.

हे सगळं ठेवायला जागा लागते. चार कॅमेऱ्यांचं दिवसभराचं चित्रण सहज काहीशे जीबी होतं, आणि हार्ड डिस्क कपाटात नुसती पडून राहिली तरी कधीतरी बंद पडते. पेन ड्राइव्हवर तर मुळीच विसंबू नये. मी घरच्यांना दोन डिस्क घ्यायला लावतो, दोन्हींत सगळं सारखं. चार-पाच वर्षांनी दोन्ही उघडून बघायच्या आणि नव्या डिस्कवर उतरवून घ्यायच्या. एक सासरी ठेवायची, एक माहेरी.